चवथीचं पाणी

भादवा लागला की आमच्याकडच्या बावी, म्हणजे विहिरी, काठोकाठ भरतात. मे महिन्यात ज्या बावीत दोर सोडता सोडता हात भरून येतात, तिच्याच काठावर आता गुडघे टेकायचे, हात खाली घालायचा आणि कळशी बुडवायची. रहाट नुसता शोभेला. बेडूक उडी मारून बाहेर येतो आणि आपल्याकडे बघत बसतो. कुंपणाच्या दगडी गडग्यावर तेरडा फुललेला, झुडपांत हरणाची पिवळी फुलं, गणपतीवरच्या माटवीला बांधायची कवंडळांची फळं शोधत रानात हिंडणारी माणसं, कुडाळच्या स्टेशनावर उतरणारे चाकरमानी आणि त्यांच्या पिशव्या. मला हे दिवस फार आवडायचे. अजून आवडतात, पण गेल्या वर्षापासून भरलेली बाव दिसली की मी मान वळवतो. लाज वाटते. दुसरा शब्द मला सापडत नाही, आणि शोधायचाही नाही.

आमचं गाव वालावलीच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. खाडी जवळ म्हणून आमच्या बावीचं पाणी बारा महिने मचूळ. भांडी घासायला, गुरांना ठीक, पण त्यात डाळ शिजत नाही. गडग्यापलीकडे इंदूकाकीचं घर; तिचा मुलगा गोव्याला कामाला. तिची बाव गडग्याजवळच, पण खाडीपासून आत, घाटीच्या पायथ्याशी, आणि तिचं पाणी गोड. म्हणून पूर्वीपासून आमच्या गणपतीच्या नैवेद्याचं पाणी तिच्या बावीतलं. चवथीच्या सकाळी आमच्या घरातल्या कुणीतरी आंघोळ करून, ओल्या अंगानं, तांब्याची कळशी घेऊन तिच्याकडे जायचं. तिनं स्वतःच्या हातानं ती भरून द्यायची. त्याच पाण्यात मोदकाची उकड. आई आणि इंदूकाकी एकाच वर्षी या वाडीत लग्न होऊन आल्या. तेव्हापासून गणपती बसला आणि ही कळशी चुकली, असं कधी झालं नव्हतं. ज्या वर्षी सुतकामुळे गणपती बसायचा नाही, त्या वर्षीसुद्धा काकी उन्हाळ्यात पुढच्या चवथीसाठी बाव उपसून घ्यायची आणि म्हणायची, "देव खंय जाता? येतलो पुढल्या वर्साक."

गेल्या वर्षी कळशी चुकली.

कशी चुकली ते सांगायचं तर माझ्या धंद्याबद्दल बोलावं लागेल, आणि तो विषय आमच्या घरी काढायचा नसतो. मी कणकवलीच्या एका कॉलेजात शिकवतो आणि सांडपाणी गाळण्यावर संशोधन करतो. कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझे जाड प्लास्टिकचे पाइप उभे आहेत. एकात जांभ्या दगडाचा चुरा, एकात करवंटीचा कोळसा, एकात कालवांच्या भाजलेल्या शिंपल्या. वरून घाण पाणी सोडायचं आणि खाली थेंब थेंब काय येतं ते बघत बसायचं. घाण पाणी मी मालवणच्या मासळी बाजारातून आणतो. म्हावरं धुतलेलं पाणी कॅनमध्ये भरायचं, कॅन एसटीत चढवायचा. एकदा कॅनचं झाकण सैल झालं. कंडक्टर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मास्तर, मागच्या शिटीर बसा बघूया. नायतर पुढच्या थांब्यार अख्खी गाडी उतारतली." मी मागे जाऊन बसलो आणि कट्टा गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

घरात माझं नाव गटारमास्तर. दादाच्या मुलांनी ठेवलेलं. दादा मुंबईला असतो. चवथीला सगळं बिऱ्हाड घेऊन येतो, त्याच्यासोबत चुलतेमालते. पंगतीत कुणीतरी विचारणारच, "काय मग गटारमास्तर, पाणी प्यायचं झालं की अजून नुसतं बघायचं?" सगळे हसतात. मीही हसतो. मी सांगायला गेलो की जांभ्याचा लालपणा म्हणजे लोखंड आणि ते लोखंड पाण्यातल्या काही गोष्टी धरून ठेवतं, की वहिनी हात जोडते: "भावजी, जेवताना नको हो." मग मी काळ्या वाटाण्यांत लक्ष घालतो. खरं सांगायचं तर मलाही नकोच असतं. लोकांची मुलं पूल बांधतात, इमारती बांधतात. माझ्या कामाचं नाव घेतलं की लोक ताट बाजूला सारतात.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. चवथीला आमच्या घरी दोन रांगा लागायच्या, एक आरतीला आणि एक संडासाला. दुसरी जास्त शिस्तीची. वहिनीनं दरवर्षी कुरकुर करावी आणि दादानं दरवर्षी "बघू" म्हणावं, असं बरीच वर्षं चाललं होतं. शेवटी दादानं मनावर घेतलं. मे महिन्यात गवंडी आला, परसात नवे संडास उभे राहिले, चकचकीत फरशीचे. खड्डा काढला तो परसाच्या वरच्या कोपऱ्यात, गडग्याला लागून, कारण खालच्या बाजूला माड होते आणि माड तोडायला आई तयार नव्हती. गवंड्याचं म्हणणं साधं होतं. "जांभो तो! कितीव सोडा, पिवन टाकतलो." खड्ड्याला तळ नाही, भिंतींना गिलावा नाही. जमिनीनंच सगळं प्यायचं.

तेव्हा मी कॉलेजच्या परीक्षांत अडकलो होतो. घरी आलो तेव्हा दादा मुलांना घेऊन मेच्या सुट्टीत आलेला होता, आणि खड्ड्यावर लाद्या पडून त्यावर झेंडूच्या कुंड्या मांडून झाल्या होत्या. मला कुणी विचारलं नव्हतं. घरच्या वैद्याकडून कोण औषध घेतं? तरी मी त्या कुंड्यांकडे बघितलं, मग गडग्यापलीकडे बघितलं. माझ्या पाइपातला जांभा चुरलेला, चाळलेला, दाबून भरलेला; त्यातून थेंबाला वाट काढायला वेळ लागतो. जमिनीतला जांभा तसा नसतो. त्याला बोटबोट जाडीची भोकं असतात, पार आतपर्यंत. त्यातून पाणी गाळून जात नाही, नुसतं जातं. मी तोंड उघडलं, "दादा, हे गडग्याला जरा जास्तच..." दादाचा मोठा मुलगा ओरडला, "आला, गटारमास्तर आला! नाकं दाबा!" हशा झाला. आई पण हसली. मी म्हटलं, जाऊ दे. चांगल्या दिवसांत कशाला तो विषय.

लाज ही चीजच मोठी विचित्र आहे. मला माझ्या विषयाची लाज, म्हणून मी गप्प. पुढे आणखी कोण कोण गप्प बसलं, ते मला फार उशिरा कळलं.

चवथीची सकाळ. पाऊस उघडलेला, दारासमोरच्या खळ्यात ऊन, आत माटवीला नारळ आणि कवंडळं लटकलेली. आईनं चूल पेटवून मला हाक मारली. मी आंघोळ करून, पंचा नेसून, कळशी घेऊन गडगा ओलांडला. इंदूकाकी पडवीत वाती वळत बसली होती. मला बघून उठली नाही.

"काकी, पाणी."

"पाणी नाय मेळाचा यंदा," ती म्हणाली. "दोर तुटलो हा."

मला आधी गंमतच वाटली. तिच्यामागे बाव दिसत होती, काठोकाठ. "काकी, दोर कशाला हवा? हातानं बुडवतो की."

तिचा चेहरा लाल झाला. वाडीत इंदूकाकीच्या तोंडाला लागायला ग्रामसेवकसुद्धा भितो. पण त्या दिवशी ती अडखळत बोलली. "नको म्हटलंय मा तुका! बावीक हात लावू नको. जा, आवशीक सांग, नाय म्हणाली म्हणान." आणि ती वाती तशाच टाकून आत गेली.

मी रिकामी कळशी घेऊन परत आलो. आईला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं.

"दोर तुटलो? भादव्यात?" आई म्हणाली. "माका काय पिशी समाजता ती?"

वहिनी म्हणाली, "आई, आपल्याकडे विकतच्या पाण्याचे कॅन आहेत ना, त्यात करू उकड." झालं, आईचा तोलच गेला. तशीच खळ्यात गेली आणि गडग्याच्या दिशेनं, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "देवाच्या पाण्याक नाय म्हणतंस? इतको माज इलो? झील गोव्याक कमवता म्हणान? ठेव तुजी बाव तुका! ह्या घरातला माणूस तुज्या दारात पाय ठेवचा नाय!" मी आईला आत ओढलं. पलीकडे दारात काकी उभी होती. मला वाटलं, आता सुटते.  पण तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दार ओढून घेतलं.

त्या वर्षीचे मोदक कॅनच्या पाण्यात झाले. कुणाला चवीत फरक कळला नाही. आई जेवली नाही. पदराला डोळे पुसत म्हणाली, "माजी बहीण गेली असती तरी मी इतक्या रडलंय नसतंय." आणि मला इंदूकाकीचा असा संताप आला की विचारू नका. संध्याकाळी भजनाला टाळ मी इतक्या जोरात वाजवला की बुवांनी दोनदा माझ्याकडे वळून बघितलं.

गणपती गेले. चाकरमानी गेले. घर एकदम मोठं झालं. भाताच्या लोंब्या भरायला लागल्या होत्या आणि मळ्यातून तो दुधाळ, ओला वास येत होता. एका सकाळी मी मागच्या बांधावर गेलो होतो, पाणी किती आहे ते बघायला. तेव्हा इंदूकाकी दिसली. डोकीवर हंडा, काखेत कळशी, घसरड्या बांधावरून एक एक पाय टाकत येत होती. देवळाकडच्या बावीवरून. तिकडून सरळ वाट आमच्या खळ्याजवळून येते, चांगली डांबरी. हिनं मळ्याला पूर्ण वळसा घातला होता. मला बघून ती थबकली, हंड्यातलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडलं. मग मान खाली घालून निघून गेली.

स्वतःची गोड पाण्याची बाव काठोकाठ भरलेली असताना ही बाई देवळाकडून पाणी का आणते? आणि आम्हाला दिसू नये म्हणून चिखलातून का जाते? मी तिथंच बांधावर उभा होतो.  मला उत्तर माहीत होतं. ते मला कुंड्या बघितल्या त्या दिवसापासून माहीत होतं.

मी तिच्या बावीवर गेलो. काठाला शेवाळ धरलेलं, पायाच्या खुणा नाहीत. ओंजळ भरली आणि नाकाजवळ नेली. मासळी बाजारातल्या पाण्याशी इतकी वर्षं काढलेला माणूस मी. त्या ओंजळीतल्या वासानं मीसुद्धा तोंड फिरवलं. आमच्या धंद्यात पाणी तपासायची एक छोटी बाटली असते. तिच्यात पाणी भरून उबेला ठेवलं आणि पाण्यात मैला असला तर ती काळी पडते. मी ती चुलीशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी बाटली शाईसारखी काळी होती. आईला दिसू नये म्हणून ती रुमालात गुंडाळून मी गडगा ओलांडला.

काकीनं बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. "माका बाटली नको दाखवू. माका नाक आसा."

"तुम्हाला कधीपासून..."

"श्रावणात बाव भरली तसो वास येवक लागलो. तोंडात घातलंय आणि थुकलंय."

"मग सांगायचं नाही का, काकी?" मी जवळजवळ ओरडलोच. "आई काय काय बोलली तुम्हाला! सगळ्या वाडीसमोर!"

"काय सांगू रे मेल्या?" आता ती सुटली. "चवथीच्या तोंडार तुमच्या दारात येवन सांगू, तुमचो संडास माज्या बावीत इलो म्हणान? घर पावण्यांनी भरलेला, देव माटवीत बसाक तयार. तुजी आवस ह्या पाण्यान मोदक करता. ह्या आयकान ती जगली असती? आणि तुज्या दादान हौसेन बांदलेला, त्येचो चार लोकांत पचको करू?" मग आवाज खाली आला. "आणि सांगूक माकाच लाज वाटली. असला तोंडातून काढूचा कसा? दोर तुटलो म्हटलंय. तेवढाच सुचला. भादव्यात दोर कोणाक लागता, ह्या माज्या टकल्यात इलाच नाय."

तिला हसू आलं. मला नाही आलं. ज्या विषयावर मी वर्गात तासन् तास फळा भरतो, तो विषय गडग्याच्या या बाजूला मी लाजेनं बोललो नाही आणि त्या बाजूला ती. तिच्या गप्प बसण्यात आमची अब्रू राहिली. माझ्या गप्प बसण्यात तिची बाव गेली. ह्या दोन्हींना लाज हा एकच शब्द आहे, त्याचा मला अजून राग येतो.

आईला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. ती आधणात तांदूळ वैरत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला, तांदूळ सुपातच राहिले. "म्हणजे माजा आयकान घेतल्यान तिना?" एवढंच बोलली. मग उठून परसात गेली. आता मिठी मारून रडतील, असं मला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. आई गडग्यापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. पुढे पाय उचलेना. काकी पलीकडे शेणी थापत होती.  वर न बघताच म्हणाली, "येतंस काय थंयच उबी रवतंस गो? पाय दुकतले." आई गडगा ओलांडून गेली आणि तिच्याशेजारी बसून शेणी थापू लागली. दोघी काय बोलल्या, मला ऐकू आलं नाही. 

दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी गवंड्यावर घसरला, मग जांभ्यावर. शेवटी माझ्यावर. "तू तेव्हा बोलायचंस ना," म्हणाला. मी म्हटलं, "बोलत होतो." मग त्यानं नव्या टाकीला किती खर्च येईल ते विचारलं.

तो खड्डा बुजवला. परसाच्या खालच्या अंगाला, बावीपासून शक्य तेवढ्या लांब, बंदिस्त टाकी बांधली. त्यासाठी दोन माड गेले. ते तोडताना आईनंच दोर धरला. टाकीतून पाणी येतं ते एका लांब वाफ्यात. त्यात मी जांभ्याचा चुरा भरला, करवंटीचा कोळसा भरला, मालवणहून गोणी भरभरून आणलेल्या शिंपल्या भरल्या आणि वर कर्दळ लावली. इतक्या वर्षांचं माझं संशोधन पहिल्यांदाच घरी आलं होतं. कर्दळ फोफावली, लाल फुलं आली. उन्हाळ्यात काकीची बाव तळापर्यंत उपसली, गाळ काढला, भिंती घासल्या, औषध टाकलं. वाडीतले सगळे आले. काकीनं सगळ्यांना घावणे घातले. पाऊस सुरू झाल्यापासून मी दर आठवड्याला बाटली भरत होतो. आषाढात पाणी स्वच्छ. श्रावणातही स्वच्छ. काकी मात्र पिण्याचं पाणी देवळाकडूनच आणत होती, आता सरळ वाटेनं. मी विचारलं की म्हणायची, "आणतंय रे. सवय झाली."

आज चवथ. सकाळपासून दादाची पोरं माटवीखाली गोंधळ घालत होती. मला या वर्षी कुणी गटारमास्तर म्हटलं नाही, आणि ते न म्हणणं मला जास्त लागलं. आईनं चूल पेटवली. कळशी चिंचेनं लखलखीत घासून माझ्यापुढे ठेवली. वहिनीनं विकतचे कॅन आणलेले होते, ते कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकून ठेवले होते. मला दिसले. मी न बघितल्यासारखं केलं. पाणी मागायला तोंड आहे का आपल्याला, हा एकच विचार डोक्यात घेऊन मी ओल्या अंगानं गडगा ओलांडला.

इंदूकाकी बावीवरच उभी होती. नवं लुगडं, केसात अबोली. बाव काठोकाठ. शेवाळ घासून काढलेलं.

"इलंस? दोर आसा हां यंदा," ती म्हणाली.

मी हसलो. कळशी पुढे केली. तिनं ती घेतली नाही. कोनाड्यातला तांब्या घेतला, वाकून भरला आणि माझ्यासमोर धरला.

"तुजी बाटली काय म्हणता?"

"स्वच्छ आहे, काकी. अगदी स्वच्छ."

"मगे पी."

मी तांब्या हातात घेतला. पाणी नितळ होतं. तळाची कल्हई दिसत होती. बाटली भरली होती ती गेल्या आठवड्यात. परवा रात्रभर पाऊस कोसळला होता. घरात कालपासून सगळी माणसं आहेत. कर्दळीखालचा चुरा एवढं सगळं धरू शकेल, असं मी हिशेब करून सांगितलं होतं. धरलं का, ते अजून बघितलं नव्हतं. हे सगळं डोक्यातून जायला किती वेळ लागतो? पापणी लवेपर्यंतही नाही. पण तेवढा वेळ तांब्या माझ्या ओठांपाशी थांबला.

काकीनं ते बघितलं.

ती रागावली नाही. माझ्या हातातून तांब्या हळूच काढून घेतला, मान वर केली आणि घटाघटा पिऊन टाकला. पदरानं तोंड पुसलं. मग माझी कळशी घेतली, स्वतःच्या हातानं भरली, माझ्या खांद्यावर चढवून दिली.

"जा," म्हणाली. "तुजी आवस चुलीकडे वाट बगत असतली."